कडेचं गवत

सेलकर्कमध्ये आमचं दुकान चढावर आहे,
म्हणून सांडलेले खिळे दाराकडे घरंगळतात
आणि गिऱ्हाईक धापा टाकत आत येतं.
इनिस पर्व्हसही तसाच आला, मे महिन्यात,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली कातर घेऊन.
म्हणाला, ही गेली. नवी दे.

मी लगेच नवी देत नाही कुणाला.
आधी पंजा बघते.
लहान पंजाला ताठ कमान दिली
तर दहा मिनिटांत अंगठ्याच्या बुडाशी कळ येते
आणि माणूस कातरीला शिव्या देतो, मला देतो,
शेवटी गवताला देतो, ज्याचा काही दोष नसतो.

लांब दांड्याची घे, मी म्हटलं, पाठ वाचेल.
पाठीचं सोड. गुडघ्यांवरच बसायचंय.
मग ही बघ. उजेडासमोर धर.
मिटलेल्या पात्यांच्या पोटात फट दिसली पाहिजे,
नखाच्या जाडीएवढी,
टोकाशी मात्र दोघं भेटलीच पाहिजेत.
सगळ्या अंगाने चिकटलेली पाती
एकमेकांना खात बसतात.
आणि कागद कापून बघू नकोस, कागद कुठलीही कापते.
हा घे लोकरीचा धागा.
गवतासारखाच लबाड, वाकून निसटतो.

हिच्यात तेच होतं, तो म्हणाला,
आणि गुंडाळी सोडली.
एकाच पट्टीची, मेंढ्या भादरायच्या कातरीच्या जातीची,
मूठ घामाने काळी.
कापतच नाही, गवत दुमडतं नुसतं.
दोनदा धार लावली. तिसऱ्यांदा जावयाने लावली.
अठ्ठावीस वर्षं चालली की ही,
मॉर्ना होती तोवर.
मशीन मी फिरवायचो, मधलं सगळं माझं.
कडा तिच्या.
भिंतीलगत, पायरीशी, पाण्याच्या पिंपामागे,
जिथे मशीनचं चाक जात नाही...
इथे त्याचाच आवाज कातर झाला
आणि मी खिळ्यांच्या खणात
काहीतरी शोधू लागले.

मग ती हातात घेतली.
वरचं पातं डावीकडे.

इनिस, मॉर्ना कुठल्या हाताने लिहायची?
उजव्या. शाळेत डाव्यावर पट्टी बसायची म्हणे.
एवढं बोलून तो थांबला.
त्याच्या डोळ्यांपुढून पाव कापणारी सुरी गेली असावी,
बटाटे गेले असावेत, दाराची कडी,
काचेआडून हलणारा हात.
अठ्ठावीस वर्षं समोर असलेला.

धार उत्तम आहे, मी म्हटलं.
उजव्या मुठीत दाबली की हिची पाती फाकतात,
डाव्या मुठीत जवळ येतात.
एवढंच आहे.

नवी उजवी अठरा पौंडांना पडली.
सुटे पैसे त्याने दोनदा मोजले.
जुनी परत गुंडाळली, त्याच वर्तमानपत्रात,
त्याच घड्यांवर.
तेलाची छोटी बाटली मी पिशवीत टाकली,
बिलात धरली नाही.

जुलैत त्यांच्या घरावरून गेले.
दव उडाल्यावर बस म्हणून सांगितलं होतं,
अकरा वाजता बसला होता, गुडघ्यांखाली पोतं.
भिंतीलगतची कड दोरी लावल्यासारखी सरळ,
नव्या कातरीचं काम.
पायरीपाशी मात्र हातभर पट्टा
चार वर्षांच्या पोराने
स्वतःचेच केस कापावेत तसा,
कुठे माती उघडी, कुठे झिपऱ्या.
त्याने हात वर केला. डावा.
अंगठ्याला चिकटपट्टी होती.

मी काय बोलणार.
फाटकावरून एवढंच ओरडले,
पाती पुसून ठेव रे,
गवताचा रस वाळला की गंज धरतात.